डावी खिडकी आणि जाईचा कळस

डोंगराच्या पोटाशी आंबेघोळ नावाचं गाव होतं. तिथं एक झुपकेदार मिशांचा भोळा बाप्या राहायचा. नाव कोंडाजी. कामाला कधी नाही म्हणायचा नाही. सांगितलेलं काम सांगितल्यासारखंच करायचा, आणि त्याचीच सगळी अडचण होती. बैलाला पाणी दाखव म्हटलं, तर भरलेली बादली बैलापुढनं फिरवून आणायचा आणि म्हणायचा, "दाखवलं."

घरात तो आणि त्याची आई, सगुणाबाई. बहीण कुसुम दिलेली लांब हैदराबादेला. तिचा नवरा हणमंतदाजी तिकडं गलाईचं काम करायचा, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करायचं. बरं चाललं होतं.

आता त्या गावाची एक रीत होती. गावामागच्या गडावर डोंगरजाईचं देऊळ. देवळाला तांब्याचा कळस. चैत्र लागला की गुरव तो कळस चिंचेनं घासून लख्ख करायचा, आणि चैत्र सरायच्या आत घरोघरच्या बायांनी तो बघून यायचा. कळस डोळ्यांनी बघितला की वर्षाचं दर्शन पोचलं. गावातनं तो दिसत नाही, मधे डोंगराची सोंड आडवी येते. चढून खिंडीपर्यंत जावं लागतं. सगुणाबाई लग्न होऊन आल्यापासून एकाही चैत्राला चुकली नव्हती.

पण गेल्या पावसाळ्यात वाटेवर दरड आली. वाट बुजली. गुरव तेवढा मागच्या कड्यानं घोरपडीसारखा चढायचा, पूजा करायचा आणि उतरायचा. बाकी कुणाची छाती नव्हती. चैत्र अर्धा झाला, तरी दगड काढायचं काम चाललेलंच. म्हातारी दिवसभर उंबऱ्यात बसून सोंडेकडं बघायची. जेवण निम्मं राहायचं.

अशात हैदराबादेहून निरोप आला. कुसुमच्या पोराचं जावळ काढायचंय, पोराला मांडीवर घ्यायला मामा पाहिजे. दाजींनी विमानाचं तिकीटच धाडलं.

गेनबाअण्णा म्हणून गावात एक जुने येष्टी ड्रायव्हर होते. त्यांना हे कळलं तसे ते सगुणाबाईकडं आले.

"वैनी, तुमचं काम झालं," ते म्हणाले. "ते पुण्याचं विमान रोज सकाळी आपल्या डोक्यावरनं जातं. मी बघून ठेवलंय. गड त्याच्या डाव्या अंगाला राहतो. कोंडाजीला वरनं कळस असा दिसंल, ताटातल्या लाडवासारखा."

गुरवाला विचारलं. गुरवानं डोकं खाजवलं आणि सांगितलं, "आईच्या नावानं पोटच्या पोरानं बघितला तरी चालतंय. पण बघितला पाहिजे. नुसतं बघितला म्हटलं म्हणून चालायचं नाही."

म्हातारी त्या दिवशी पोटभर जेवली.

निघताना गेनबाअण्णांनी कोंडाजीला समोर बसवलं. "नीट ऐक. डाव्या अंगाची खिडकी धरायची. कुणी काय म्हणू दे, सोडायची नाही. आणि पंखावर बसायचं नाही. पंखावरनं काय दिसत नाही. काय सांगितलं?"

"डावी खिडकी धरायची. सोडायची नाही. पंखावर बसायचं नाही."

"बरोबर," अण्णा म्हणाले.

पहाटे कोंडाजी पुण्याच्या पहिल्या येष्टीत चढला. डावीकडच्या पहिल्या खिडकीशी एक आक्का बसली होती, मांडीवर लसणाचं गाठोडं घेऊन.

"आक्का, उठा," कोंडाजी म्हणाला. "ही खिडकी मला धरायचीय."

"का रं बाबा? गाडी लागती का तुला?"

"नाही. गड बघायचाय."

"गड मागं राहिला की. पुढं नुस्ता घाट हाय."

आक्का काही उठली नाही. मग कोंडाजीनं आक्काच्या डोक्यावरनं हात घातला आणि खिडकीचा गज धरला. घाट उतरला, सपाटी आली, शेजारच्या जागा रिकाम्या झाल्या. कोंडाजी गज धरून उभाच. आक्का वाटेत उतरली ती त्याच्या काखेखालनं वाकून उतरली.

पुण्याचा स्टँड आला. सगळी माणसं उतरली. कंडक्टर आला.

"पाव्हणं, सोडा आता."

"धर म्हणालेत. सोडू नको म्हणालेत."

"कोण म्हणालं?"

"गेनबाअण्णा. विमानात कळस बघायचाय."

कंडक्टर गेनबाअण्णांच्या हाताखाली नोकरी केलेला निघाला. त्यानं कपाळाला हात लावला. "अरे, ती विमानातली खिडकी. आणि जागा धरायची म्हणजे हातानं लोंबकळायचं नाही. गाडी लागली की खिडकीतनं आधी रुमाल टाकायचा. ज्याचा रुमाल त्याची जागा. मग सावकाश चढायचं."

"हे आधी सांगायचं नाही का," कोंडाजी म्हणाला आणि गज सोडला. हाताला वळ उठले होते.

विमानतळावर तो पोचला. काचेतनं पलीकडं विमानं उभी दिसत होती. त्यानं खिशातनं रुमाल काढला आणि काचेकाचेनं फिरला. उघडी खिडकी एकही सापडेना. तिथल्या शिपायानं त्याला हाताला धरून एका पोरीपुढं नेऊन उभं केलं. ती पोरगी विमानातल्या जागा द्यायला बसलेली. बोलायला मऊ होती.

"मामा, कुठे जायचंय?"

"हैदराबाद. ताई, एवढा रुमाल टाका."

"कुठे टाकू?"

"विमानात. डाव्या अंगाला, खिडकीशी. लोक चढायच्या आत टाका. आणि मी पंखावर बसणार नाही, आधीच सांगतो. आत बसंन."

पोरगी तोंडावर हात धरून हसली. मग तिनं रुमालाची घडी घालून त्याच्या हातात दिली. "मामा, इथे रुमाल लागत नाही. काय हवं ते तोंडाने सांगायचं. सांगितलं की मिळतं. ही घ्या, डावीकडची खिडकी. पंखाच्या चांगली पुढे आहे."

तिनं चिठ्ठी दिली. एवढी चांगली जागा त्या विमानात दुसरी नव्हती, असं म्हणतात.

कोंडाजी विमानात चढला. खिडकीशी बसला. बाहेर सगळं आरशासारखं दिसत होतं. त्याला वाटलं, झालं काम. तेवढ्यात विमानातली बाई आली, पट्टा लावलाय का बघायला. ती नशिबानं सांगलीकडची.

कोंडाजीला पोरीचं बोलणं आठवलं. तोंडानं सांगायचं, सांगितलं की मिळतं.

"बाई," तो म्हणाला, "गडाशी जरा थांबवा म्हणावं. हात जोडून होईस्तोवर."

"विमान मध्ये थांबत नाही, मामा."

"बरं, मग हळू तरी घ्या म्हणावं. वळणावर घेतात तसं."

"हळू घेतलं तर खाली पडेल."

कोंडाजीनं जरा विचार केला. "मग राहू द्या," तो म्हणाला. "आई आत्ता अंगणातच असंल."

शेजारी एक पोट सुटलेले साहेब बसले होते. रात्रभर जागे असावेत. विमान उडालं, वर गेलं, आणि डाव्या खिडकीतनं सकाळचं ऊन थेट साहेबांच्या डोळ्यांवर आलं.

"अहो," साहेब म्हणाले, "ऊन आलं की ती झडप खाली ओढायची असते. पद्धत आहे इथली."

पद्धत म्हटल्यावर कोंडाजीनं लगेच झडप ओढली. साहेब घोरायला लागले. कोंडाजी झडपेला नाक लावून, दोन्ही हातांनी खिडकीच्या कडा धरून बसला. पापणी हलवली नाही त्यानं. विमान गडावरनं गेलं, घाटावरनं गेलं, नद्या ओलांडल्या. बाई पाणी घेऊन आली, तर तिच्याकडंही मान वळवली नाही.

विमान खाली उतरायला लागलं तसे साहेब जागे झाले.

"काय बघताय एवढं?"

"गड."

"झडप बंद आहे तुमची."

"ऊन आलं की ओढायची म्हणालात."

"मग गड कसा दिसेल?"

"तेच म्हणतोय मी. अजून आला नाही."

साहेब म्हणाले, "हैदराबाद आलं."

जावळ चांगलं झालं. मामानं भाच्याला मांडीवर घेतलं, भाच्यानं मामाच्या धोतरावर काय करायचं ते केलं, सगळे हसले. संध्याकाळी म्हातारीचा फोन आला.

"दिसला का रं कळस?"

"झडप दिसली, आई."

"कसली झडप?"

कोंडाजीनं सगळं सांगितलं. मग म्हातारी म्हणाली, "बरं. येताना बघ. चैत्र सरायला आलाय, तेवढं ध्यानात ठेव." आणि फोन ठेवला.

हणमंतदाजींना वाईट वाटलं. सासूबाईंचा जीव कशात आहे ते त्यांना ठाऊक होतं.

"मेव्हणं, हे बघा," ते म्हणाले. "येताना उलटं असतं. जाताना गड डावीकडं, तर येताना उजवीकडं. ध्यानात येतंय का?"

"उलटं."

"हां. सगळं उलटं करायचं. जाताना जे केलं त्याच्या उलट केलं की कळस दिसलाच म्हणून समजा."

दाजी सोनं पारखण्यात हुशार होते. माणूस पारखायला तिथंच चुकले.

परतीच्या दिवशी दाजींनी त्याला विमानतळाच्या दारात सोडलं. कोंडाजी रांगेत उभा राहून मनात घोकत होता. डावीचं उजवी. झडप बंद होती, ती उघडी. पंखावर नको होतं, तर आता पंखावर.

जागा देणाऱ्या पोरीला तो म्हणाला, "उजवी खिडकी. पंख के ऊपर."

पोरीनं दोनदा विचारलं. "पंख के ऊपर से कुछ दिखता नहीं, चाचा."

"वही मंगता," कोंडाजी म्हणाला.

ती जागा आजवर कुणी आपण होऊन मागितली नसावी. तिनं लगेच दिली.

विमानात चढताना दारात तीच सांगलीकडची बाई उभी होती. तिनं ओळखलं. कोंडाजी तिला म्हणाला, "बाई, या वेळी गडाशी अजिबात थांबवू नका."

"थांबणारच नाही, मामा."

"मग बरं," तो म्हणाला.

खिडकीत बसला. झडप पार वरपर्यंत सरकवली. बाहेर बघितलं तर पंख. खळ्यासारखा रुंद पंख, इकडनं तिकडं नुसता पंखच. शेजारी साताऱ्याकडच्या एक मावशी बसल्या होत्या. त्यांनीही वाकून बघितलं.

"अहो, इथून तर पंखच दिसतोय."

"दिसणारच. पंख उलट्यात मोडतो," कोंडाजी म्हणाला.

मावशींना काही कळलं नाही. पण कोंडाजीनं त्यांना आईचं, गडाचं, दरडेचं सांगितलं तसा त्यांचाही जीव त्या कळसात गुंतला. दोघं मिळून पंखाकडं बघत बसली.

पुणं जवळ आलं. विमान उतरायच्या आधी मोठं वळण घेतं, तसं ते वळलं. पंख तिरका झाला. पंखाच्या कडेनं आधी सोंड दिसली, मग तट, आणि मग देऊळ. देवळावर दुपारच्या उन्हात कळस असा चकाकत होता, जणू कुणी खालनं आरसा दाखवतंय.

"अहो, तो बघा," मावशी म्हणाल्या. "तोच ना? कसला लख्ख घासलाय."

कोंडाजीचा ऊर भरून आला. त्यानं दोन्ही हात जोडले. डोळे घट्ट मिटले. आणि डोंगरजाईची आरती पहिल्यापासून म्हणायला घेतली. ती आरती गावात लांबलचक म्हणून प्रसिद्ध आहे. मावशींनी मधे त्याचं कोपर हलवलं, तर त्याला वाटलं त्या टाळ्यांचा ठेका धरतायत. त्यानं आवाज चढवला.

आरती झाली. डोळे उघडले. पुढं पंख.

"कुठंय?" त्यानं विचारलं.

"गेला. मी बघितला. अहो, तुम्ही डोळे का मिटलेत?"

"देवापुढं हात जोडले की डोळे मिटायचे. आईनंच शिकवलंय."

मावशींनी मान हलवली. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, हसण्याचं का कसलं ते त्यांनाच ठाऊक. "बाबा रे," त्या म्हणाल्या, "दर्शनाला डोळे उघडे लागतात. डोळे मिटले की दर्शन बुडालं. काही झालं तरी मिटू द्यायचे नाहीत."

"काही झालं तरी मिटू द्यायचे नाहीत," कोंडाजी म्हणाला. हे त्यानं पार काळजात लिहून घेतलं.

तिथनं पुढं त्यानं डोळे मिटले नाहीत. येष्टीत धूळ आली, केरकचरा आला, तरी नाही. घरी पोचला तेव्हा डोळे मिरचीसारखे लाल झालेले. म्हातारीनं उंबऱ्यातनंच बघितलं आणि ओळखलं.

"नाही ना दिसला?"

"दिसला असता, आई. मी मिटले होते."

"असू दे. रडू नको."

"रडत नाही. उघडे ठेवलेत."

म्हातारी उठून चुलीपुढं गेली. चैत्राची उद्या अमावस्या. एकदा चुकलं की चुकलं. तिनं त्याला भाकरी वाढली आणि आपलं ताट घेतलं नाही.

हे गेनबाअण्णांच्या कानावर गेलं. विमानाचं त्यांनीच डोक्यात घातलेलं, त्यामुळं त्यांना झोप लागेना. दुसऱ्या दिवशी सकाळी बातमी आली की दरडेचं काम पुढं सरकलंय, खिंडीपर्यंतची वाट मोकळी झाली. खिंडीतनं कळस समोर दिसतो. गाव हरखलं. बायाबापड्या निघाल्या. पण दरडेच्या दगडांतनं ती चढण सगुणाबाईच्या गुडघ्यांना झेपणारी नव्हती.

अण्णांनी पोरं गोळा केली. वेळूला घोंगडं बांधून डोली केली. म्हातारीला त्यात बसवलं. कोंडाजी पुढचा खांदा द्यायला उभा राहिला आणि मागं वळून म्हणाला, "आई, वर जाताना डाव्या अंगानं बघत राहा. खाली येताना उजव्या."

"तू गप चल," अण्णा म्हणाले.

निघायला दुपार झाली, चढायला संध्याकाळ. मधे दगड होते, घसारा होता. पोरं दमली, खांदे बदलले. कोंडाजीनं मात्र खांदा बदलला नाही. आईला कळस दाखवायचा होता ना.

खिंडीच्या तोंडाशी एक सपाट धोंडा आहे. तिथपर्यंत मान खाली घालून जायचं आणि धोंड्यावर उभं राहूनच वर बघायचं, म्हणजे पहिली नजर कळसावर पडते, अशी चाल आहे. गुरव तिथं आधीच येऊन उभा होता. लोकांचं दर्शन झालं होतं, ते बाजूला सरले. म्हातारीला धोंड्यावर उभी केली. मान खाली, पदर डोक्यावर, हात जोडलेले. मागं सूर्य टेकायला आला होता. शेवटचं ऊन थेट समोर गडावर पडलं होतं आणि कळस निखाऱ्यासारखा पेटला होता.

सगळ्यांनी हात जोडले.

"बघ, सगुणाबाई," गुरव म्हणाला.

म्हातारीनं मान वर केली. वर्षभराचं साठलेलं. तिचे डोळे भरले, आणि भरलेले डोळे मिटायला लागले.

कोंडाजीनं ते बघितलं.

एका उडीत तो धोंड्यावर चढला, आईच्या पुढ्यात उभा राहिला, आणि दोन्ही अंगठ्यांनी त्यानं तिच्या पापण्या वर धरल्या.

"मिटू नको, आई. मिटले की बुडालं."

"अरं सोड," म्हातारी म्हणाली.

"काही झालं तरी सोडणार नाही. मी एकदा चुकलोय. दिसतंय का?"

"अरं बाजूला हो."

"बाजूला झालो तर मिटशील. नीट बघ. डोळे भरून बघ."

गेनबाअण्णा धावले, गुरव धावला, पोरांनी कंबरेला धरून ओढलं. पण कोंडाजी अंगानं दांडगा, आणि आईचं काम म्हटल्यावर तो काय हलतोय. ओढाताण चालली होती तेवढ्यात ऊन कळसावरनं उतरलं. तांबडं होतं ते काळं झालं. देऊळ, तट, सोंड, सगळं एक झालं. चैत्र सरला.

मग कोंडाजीनं हात काढले. घाम पुसला. समाधानानं खाली उतरून आईच्या पाया पडला.

शेवटी गुरवानंच चाचरत विचारलं, "सगुणाबाई, झालं का म्हणायचं दर्शन?"

म्हातारीनं पदरानं डोळे टिपले. पापण्या चोळल्या. समोरच्या अंधाराकडं बघितलं, मग पायाशी वाकलेल्या पोराकडं बघितलं.

"झालं की," ती म्हणाली. "अगदी जवळनं झालं. पण गुरवा, इतकी वर्षं येतीया मी, कळसाला मिशा हायत हे तू कधी बोलला नाहीस."